उंब्रजच्या अलीकडे, 44 टक्के

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पाऊस थांबला म्हणावं, तर बारीक भुरभुर चालूच आहे. सातारा मागे टाकून, उंब्रज यायच्या थोडं अलीकडे, एका हॉटेलच्या मागच्या आवारात आमची गाडी उभी आहे. काचेवर गणपतीच्या टोलमाफीचा पास, डिकीत मखराचं सामान, मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेल्या समया. गणपतीला दोन दिवस आहेत. पहाटे सहाला सिंहगड रोडवरून निघालो तेव्हा गाडीच्या पडद्यावर बॅटरीचे 100 टक्के होते. आता 44 आहेत.

घाट ओलांडून चिपळूणच्या पुढे आमचं गाव. अजून शंभरेक किलोमीटर. 44 टक्क्यांत ही गाडी शंभर-एकशेदहा जाईल. म्हणजे पोचूही. पण एवढं सामान घेऊन, पावसात, रस्त्यात कुठे अडकलो तर काय, हा विचार मनात ठेवून शंभर किलोमीटर जायची तयारी घरात कुणाचीच नाही. म्हणून थांबलोय.

आवारात चार्जिंगची यंत्रं दोन आहेत. एकावर सेलोटेपनं कागद चिकटवलाय, ‘बंद आहे’. अक्षरं पावसानं ओघळलीत, म्हणजे कागद आजचा नाही. दुसरं चालू आहे आणि त्याला दोन गन आहेत. एका गनला नवी मुंबईच्या एका कुटुंबाची गाडी आधीच लागलीय, पांढरी विंडसर. दुसरी मोकळी आहे. नवरा गन काढून गाडीत बसवतो आणि फोन काढतो. फोनमध्ये चार्जिंगची सहा ॲप्स आहेत, कारण दर दोन-तीन यंत्रांमागे कंपनी बदलते आणि प्रत्येकीला आपलं ॲप, आपलं वॉलेट. ज्या कंपनीचं हे यंत्र, तिच्या वॉलेटमध्ये 38 रुपये शिल्लक आहेत. पैसे भरायचे तर ओटीपी हवा. तो येत नाही. नवरा फोन वर धरून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चालत जातो, तिथे रेंजची एक काडी दिसते, ओटीपी येतो, आणि परत येईपर्यंत त्याची मुदत संपते. पेट्रोल भरायला जाताना माणसाला कधी रेंज शोधावी लागली नाही, हे मला दर वेळी आठवतं आणि दर वेळी राग येतो. तिसऱ्या खेपेला जमतं. यंत्रात खट्ट आवाज होतो, पंखे घुमायला लागतात, हिरवा दिवा लागतो. पडद्यावर आकडा येतो: 29 किलोवॅट.

यंत्र 60 चं आहे, पण दोन गाड्या लागल्या की निम्मं निम्मं वाटून देतं.

तेवढ्यात हातात चहाचा ग्लास घेऊन एक गृहस्थ जवळ येतात. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा शर्ट, वय पासष्ट-सत्तर. त्यांची जुनी पेट्रोलची गाडी हॉटेलच्या पुढच्या बाजूला आहे. ते आधी केबलकडे बघतात, मग हिरव्या नंबरप्लेटकडे, मग माझ्याकडे.

“किती जाते हो?”

अडीच वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. सिग्नलला विचारतात, लग्नात विचारतात, दवाखान्यात नंबरची वाट बघताना विचारतात. मी खरं ते सांगते. कंपनीच्या कागदावर 400 च्या वर लिहिलंय. तो चाचणीतला आकडा. आम्हाला शहरात 300 च्या आसपास मिळतात आणि महामार्गावर एसी लावून 240-250.

“शहरात जास्त? आमची तर शहरात पेट्रोल पिते आणि हायवेला बरी चालते.”

“हिचं उलटं आहे. ब्रेक लावला, उतार लागला की चाकं मोटरला फिरवतात, आणि तीच मोटर वीज करून बॅटरीत परत घालते. शहरात सारखं थांबणं-निघणं, म्हणून परत मिळतं जास्त. हायवेला एका दमात पळतो, तिथे वारा कापण्यातच सगळं जातं.”

ते मान हलवतात. मल्हारपेठेच्या अलीकडच्या एका गावचे. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. मुलगा डोंबिवलीला आहे आणि तो गेली दोन वर्षं मागे लागलाय, बाबा, आता इलेक्ट्रिक घ्या. “पण पोरगं कागदावरचं सांगतं. म्हटलं वापरणाऱ्याला विचारावं.”

मागच्या काचेतून सासूबाई म्हणतात, “अहो गुरुजी, पावसात हात लावू नका हो त्याला.” गुरुजी हसत हात मागे घेतात. नवरा त्यांना जवळ बोलावून गन दाखवतो. ती गाडीत नीट बसून कुलूप लागल्याशिवाय, गाडी आणि यंत्र यांची आपसांत ओळख पटल्याशिवाय आतून वीज सुटतच नाही. चालू असताना ओढली तरी निघत नाही. गुरुजी केबलवर तळहात ठेवतात. “कोमट आहे,” ते म्हणतात, आणि हात तिथेच ठेवतात थोडा वेळ, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

आवारात तिसरी गाडी शिरते. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे टॅक्सी. चालक तरुण आहे, मागे बॅग मांडीवर घेतलेला प्रवासी. बंद यंत्रावरचा कागद तो लांबूनच ओळखतो. त्याला नवीन नाही. उतरून दोन्ही पडदे बघतो. आमचे 52. विंडसरचे 83.

“दादा, किती करायचंय?” तो विंडसरवाल्याला विचारतो.

“फुल्ल. कोल्हापूरला जायचंय.”

“कोल्हापूर इथनं शंभरच्या आत हाय दादा. ऐंशीच्या पुढं ही लय हळू घेते. शेवटच्या पंधराला तुम्ही आणि अर्धा तास बसाल, आणि मी इथं उभा.”

विंडसरवाला पडद्याकडे बघतो. खरंच आकडा घसरलाय. बॅटरी भरत आली की ती स्वतःच वीज कमी मागते. भरलेल्या एसटीत शेवटच्या माणसाला जसं वेळ लावून चढावं लागतं तसं. तो बायकोकडे बघतो, ती म्हणते, “काढा की, पोरगंही कंटाळलंय.” तो गन काढतो. त्याच क्षणी आमच्या पडद्यावरचा 29 चा आकडा 47 वर उडी मारतो. टॅक्सी लागते आणि पुन्हा 29. इथे रांग लावणारं कुणी नाही, दर लिहिलेली पाटी नाही, पंपावरचा पोऱ्या नाही. माणसं एकमेकांना विचारून वाट काढतात.

टॅक्सीवाला साताऱ्याचा. महिन्याला सहा हजार किलोमीटर चालवतो. गुरुजी त्याला लगेच धरतात.

“परवडते का रं?”

“दारात लावली तर परवडते. राती लावतो, सकाळी फुल्ल. आज अचानक भाडं आलं म्हणून इथं आलोय, न्हाईतर मी ह्या मशिनीचं तोंड बघत न्हाई. हितं युनिटला चोवीस रुपये पडतात, घरी त्याच्या निम्मे. आणि हितला तास गेला तो गेला.” मागे बसलेला प्रवासी घड्याळ बघतो. टॅक्सीवाला त्याच्यासाठी चहा आणायला धावतो.

गुरुजींच्या खिशातून किराणा दुकानाची यादी निघते. तिच्या पाठीवर ते हिशेब मांडायला घेतात आणि मला ते मनापासून आवडतं, कारण या गाड्यांबद्दल बोलणारी बहुतेक माणसं एक तर भक्त असतात नाहीतर वैरी. गुणाकार करणारा क्वचित भेटतो.

पेट्रोल 105 च्या घरात. गुरुजींची गाडी 15 देते. किलोमीटरला सात रुपये. विजेची गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर. घरचं युनिट वरच्या टप्प्यातलं धरलं तरी बारा रुपये, म्हणजे किलोमीटरला दोनच्या आत. इथल्या यंत्रावर साडेतीन-चार. गुरुजींचं रोजचं चालणं किती? शेत, पाटण, आठवड्यातून दोनदा कऱ्हाड, बाईंच्या गुडघ्याचे डॉक्टर. वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर. वाचतात पन्नास हजार.

“आणि गाडी पेट्रोलपेक्षा महाग किती?”

“तशाच आकाराची घेतली तर दोन-तीन लाख.”

“म्हणजे चार ते सहा वर्षं फेडण्यात.” ते पेन थांबवतात. “ह्याचे,” टॅक्सीकडे बोट, “वर्षातच वसूल.”

हिशेब बरोबर आहे आणि मी तो गोड करून सांगत नाही. कमी चालवणाऱ्याने केवळ पैसे वाचतील म्हणून ही गाडी घेऊ नये. विकायला काढली तर भाव पडून मिळतो, हेही सांगते. बॅटरीचं विचारतात, तर तिच्यावर आठ वर्षांची किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी देण्याचा रिवाज आता बराच रुळलाय. गुरुजींच्या चालवण्याने किलोमीटर संपायला सतरा वर्षं लागतील, आठ वर्षं आधी संपतील. विंडसरवाला निघता निघता आपली योजना सांगतो: 2024 च्या सप्टेंबरात ती गाडी आली तेव्हा बॅटरीशिवाय 9 लाख 99 हजारांना मिळत होती आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. गुरुजी क्षणभर विचार करतात. “म्हणजे गाडी आपली आणि बैल भाड्याचे.” टॅक्सीवाला खो खो हसतो.

महामार्गावरून एसटीची शिवाई पुण्याकडे जाते, आवाज न करता, नुसता पाण्याचा फरारा. 1 जून 2022 ला पुणे-नगर मार्गावर पहिली शिवाई धावली तेव्हा विजेवरची एसटी घाटाबिटात बंद पडणार, असं आमच्या ओळखीतले कितीतरी जण म्हणत होते. ती चालतेय. तिला आगार आहे. रात्री तिची जागा ठरलेली आहे, तिथे वीज ठरलेली आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मला गुरुजींना जे सांगायचंय ते हेच आहे आणि मी ते सांगते. किती जाते, हा प्रश्न सोडा. रात्री गाडी कुठे उभी राहते, हा प्रश्न आहे.

आमच्याच इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा. आयटीत नोकरी, रोजचं जाणं-येणं 34 किलोमीटर. जाहिरातीत दाखवतात ते शहरातलं गिऱ्हाईक, अगदी तंतोतंत. त्याने आमच्या आधी विजेची छोटी गाडी घेतली. पण त्याला पार्किंग मिळालेलं नाही, गाडी रस्त्यावर. पहिल्या आठवड्यात त्याने गॅलरीतून वायर सोडली. खालून माणसं जातात, ती काढावीच लागली. मग दर तिसऱ्या दिवशी रात्री जेवून तो एका मॉलच्या चार्जरवर जाऊन बसायचा. तान्हं मूल घरी, आणि हा गाडीत बसून आकडा वर चढायची वाट बघतोय. दीड वर्षाने गाडी विकली, सीएनजीची घेतली. गाडीत काही खोट नव्हती. ज्या दिवशी तिने त्याचं घर सोडलं त्या दिवशी मला वाईट वाटलं, स्वतःच्या गाडीला काही झाल्यासारखं.

आमचं पार्किंग नावावर होतं, तरी प्लग बसवायला आठ महिने लागले. कमिटीला आगीची भीती, मीटर-खोलीतलं पॅनेल जुनं, आणि ‘उद्या सगळे मागतील’ हे शेवटचं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. तो कागद मी दोन सभांना छापून नेला. सगळे मागतील, हे भ्यायचं कारण का असावं, हे मला आजही समजत नाही. मागोत ना. पॅनेल एकदाच मोठं करावं लागतं. 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर मोटारींत विजेच्या जेमतेम दोन-तीन होत्या. लोकांना नको आहेत म्हणून, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या सोसायटीच्या सभेला यावं. तिथे पाच जणांना हवी आहे आणि पाचही जण पार्किंगचा नकाशा बघून गप्प बसतात.

“मग गावाकडं तर आणिकच अवघड,” गुरुजी म्हणतात.

“नाही गुरुजी. तुमच्याकडेच सोपं आहे.”

ते माझ्याकडे बघत राहतात. मी विचारते, गाडी कुठे लावता? घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये. मीटर? ओसरीच्या भिंतीला, स्वतःचं. कमिटी? बायको. बघा म्हणजे. 15 अँपियरचा साधा पॉइंट, गिझरला असतो तसला, आणि गाडीबरोबर मिळणारी केबल. तासाला तीनेक युनिट जातात. रोज तीस किलोमीटर चालली तर दोन तासांत भरपाई. रात्री लावा, सकाळी काढा, जसा आपण फोन लावतो.

“रात्री लाईट असते का विचारा.”

“असते का?”

“गावठाणाची लाईन आता शेतीपासून वेगळी केलीय, त्यामुळं जात नाही फारशी. पण संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागले की व्होल्टेज पडतं. अकरानंतर बरं येतं.”

“मग अकरानंतर. गाडीला वेळ लावून ठेवता येते.”

“आणि अर्थिंग?”

या प्रश्नाने मी थक्क होते. अडीच वर्षांत ‘किती जाते’ विचारणारे शेकडो भेटले, अर्थिंग विचारणारा हा पहिला. शेतातली मोटर बसवलेल्या माणसालाच हे सुचणार.

गेल्या गणपतीत आम्ही याच्यावरच अडलो होतो. रात्री गावी पोचलो, ओटीवरच्या पॉइंटला केबल लावली, आणि केबलवरचा दिवा हिरवा व्हायच्या ऐवजी लाल. पुन्हा लावली, लाल. गाडीत 17 टक्के. गावातला वायरमन सकाळी आला, टेस्टर लावला, पॉइंट उघडला, तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. 1980 सालचं वायरिंग. पंखे, दिवे, मिक्सर चाळीस वर्षं अर्थिंगशिवाय बिनबोभाट चालले, कुणाला कळलंही नाही. गाडीने मात्र ऐकलं नाही. मग पुतण्याने परसात, न्हाणीघराचं पाणी जातं त्या बाजूला, उंचीभर खड्डा खणला. वायरमनने तांब्याची पट्टी उभी केली, भोवती लोणारी कोळसा आणि जाडं मीठ असे थरावर थर दिले, वर पाइप ठेवला आणि पुतण्याला सांगितलं की उन्हाळ्यात यातून आठवड्याला एक बादली पाणी घाल, माती सुकली की अर्थिंग गेली. संध्याकाळी आरतीच्या आधी केबल लावली. हिरवा. सासूबाईंनी ओटीवरून हात जोडले. गणपतीला की दिव्याला, मला ठाऊक नाही. त्यानंतर त्या घरातल्या फ्रीजचा शॉक बसायचा थांबला, तो कित्येक वर्षं सगळे सहन करत होते.

गुरुजी एकेक गोष्ट यादीच्या पाठीवर लिहून घेतात. तांब्याची पट्टी. मीठ. कोळसा. मीटरपासून शेडपर्यंत जाड वायर, किती स्क्वेअर एमएम ते वायरमनला विचारणे. लोड वाढवून घेणे. लिहिताना त्यांचे ओठ हलतात. अक्षर मास्तरांचं, शिरोरेघेसकट.

“डोंबिवलीला वर्षातून दोनदा जातो,” ते मान वर न करता म्हणतात. “तेव्हा?”

“तेव्हा वाटेत असं थांबावं लागेल. अर्धा-पाऊण तास. आणि यंत्र,” मी ओघळलेल्या कागदाकडे बघते, “त्या दिवशी चालू असावं लागेल.” याहून जास्त ग्वाही मी देऊ शकत नाही. त्या दोन दिवसांसाठी उरलेल्या 363 दिवसांची गाडी ठरवायची का, हे त्यांनी बघायचं. बहुतेक जण त्या दोन दिवसांवरूनच ठरवतात. आम्हीही वर्षभर तसंच करत होतो.

नवरा हाक मारतो. पडद्यावर 80. पंधरा युनिट, 354 रुपये. तो गन काढून खुंटीला अडकवतो, केबल चिखलात लोळू नये म्हणून वरून एक वेढा घेतो. टॅक्सीच्या पडद्यावरचा आकडा तरीही 25 च्या पुढे जात नाही. छोट्या बॅटरीला तेवढंच घेता येतं. आमच्या जागेवर लागायला मागे एक निळी गाडी वळून उभी आहे, तिने एकदा हॉर्न दिलाय. सासूबाई समया सावरून बसल्यात.

गुरुजी फोन लावतात. समोर बाई असणार, कारण आवाज एकदम वेगळा होतो.

“अगं, एक काम कर. मीटर आहे ना ओसरीचा, तिथनं शेडच्या खांबापर्यंत चाल. ... आत्ताच. ... सांगतो नंतर. पावलं मोज फक्त. मोठी नको टाकू, रोजची.”

गाडीचं दार मी धरून ठेवते. निळी गाडी पुन्हा हॉर्न देते, नवरा तिला हात दाखवतो, एक मिनिट. गुरुजी फोन कानाला लावून उभे आहेत, दुसऱ्या हातात यादी आणि पेन, नजर समोरच्या डांबरावर. गुडघे दुखणारी ती बाई अंगणात चालतेय आणि हे इथे तिच्याबरोबर ओठांत मोजतायत.

“एकोणीस,” ते मला म्हणतात, आणि लिहितात.